चिंचोके, शिंपले आणि शेजारी बसणारी बाई

अडीच ते सहा वर्षांच्या मुलाने पाठांतराआधी हाताने काही करून शिकावे, ही कल्पना आज इतकी सर्वमान्य झाली आहे की तिला काही इतिहास असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. कडधान्ये वेगवेगळ्या वाट्यांत निवडून ठेवणे, मणी ओवणे, पेल्यातून पेल्यात पाणी ओतणे, पाने लहानमोठ्या क्रमाने मांडणे या कृती पालकांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत घरी करावयाचे उपक्रम म्हणून छापल्या जातात आणि त्या जणू कायमच मुलांच्या शिक्षणाचा भाग होत्या असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात महाराष्ट्रात या विचाराला आजच्या रूपापर्यंत येण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली, आणि त्या काळात तो परदेशी पेटीबंद साहित्यातून शहरी बालमंदिरात, बालमंदिरातून समुद्रकाठच्या खेड्यात, आणि खेड्यातल्या शाळेतून थेट झोपडीपुढच्या सारवलेल्या अंगणात गेला. या सगळ्या प्रवासात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा उभे राहिले: मुलाच्या हातात काय द्यायचे, आणि ते देऊन त्याच्या शेजारी कोणी बसायचे. पहिल्या प्रश्नाला मिळालेले उत्तर हे मराठी बालशिक्षणाचे फार मोठे कर्तृत्व आहे. दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र त्या मानाने फारच थोडे लक्ष दिले गेले.

पद्धतशीर बालशिक्षण येण्यापूर्वी मराठी घरात लहान मुलाच्या हाताला काम नव्हते असे नाही. तान्ह्या मुलाच्या तळहातावर बोट फिरवत, त्याची बोटे एकेक करून मिटत म्हणावयाची गाणी, चिमणी-कावळ्याला घास वाटण्याचे खेळ, मांडीवर किंवा पायांवर झोके देत घ्यावयाच्या लयी यांतून मुलाला स्वतःच्या शरीराची, संख्येची आणि तालाची ओळख होत असे. पुढच्या वयात भातुकली येई. भातुकली म्हणजे चूल, जाते, उखळ, पोळपाट, बोळकी अशा घरातल्या वस्तूंच्या छोट्या प्रतिकृती मांडून केलेला संसाराचा खेळ; सावंतवाडीच्या चितारआळीतील कारागिरांनी रंगवलेल्या लाकडी भातुकल्या महाराष्ट्रभर पोहोचल्या, पण बहुसंख्य घरांत मातीची बोळकी आणि नारळाच्या करवंट्या यांवरच हा संसार चाले. चिंचोक्यांचा एकी-बेकीचा खेळ, गजग्याच्या टणक बियांनी म्हणजे सागरगोट्यांनी वर उडवून झेलण्याचा खेळ, फुटक्या कौलाच्या ठिकरीने आखलेल्या घरांतला खेळ, विदर्भात तान्ह्या पोळ्याला मिरवावयाचे लाकडी बैल, ही सर्व साधने विनामूल्य किंवा जवळजवळ विनामूल्य होती. मोजणे, जोड्या लावणे, नेम धरणे, हात आणि डोळा यांचा मेळ घालणे हे सगळे त्यांत होते. मात्र मोठी माणसे त्याला शिक्षण समजत नसत. शिवाय भातुकली मुलींची आणि बैल मुलांचे, अशी विभागणी त्या खेळांतच रुजलेली होती, आणि त्यामुळे जे कौशल्य खेळातून येई ते पुढच्या ठरलेल्या कामासाठीच येई.

शिक्षण म्हणून जे मानले जाई ते पंतोजींच्या शाळेत, साधारण पाच-सहा वर्षांच्या वयात सुरू होई, आणि ते प्रामुख्याने वरच्या जातींतील मुलग्यांपुरते मर्यादित होते. तेथे मुलाच्या हातात प्रथम धूळपाटी येई. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटेची भुकटी पसरून तिच्यावर बोटाने किंवा काडीने अक्षर उमटवायचे, पुसायचे आणि पुन्हा उमटवायचे, या रीतीने मुले धुळाक्षरे गिरवत. अक्षर डोळ्यांनी पाहण्याबरोबर बोटाच्या स्पर्शाने आणि मनगटाच्या वळणाने लक्षात ठेवण्याची ही युक्ती अस्सल होती. पण तिच्या पुढेमागे पाढ्यांची घोकंपट्टी होती, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतचे अपूर्णांकांचे पाढे होते आणि छडी होती. अक्षर गिरवण्यापूर्वी हाताची तयारी कशी व्हावी, याचा विचार त्या शाळेने केला नाही, कारण त्या वयाचे मूल तिच्या दारात येतच नव्हते.

त्या वयाच्या मुलाचा स्वतंत्र विचार युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात झाला. स्वित्झर्लंडमधील पेस्तालॉत्सी यांनी १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आई हीच पहिली शिक्षिका मानली आणि शब्दांच्या आधी वस्तू यावी असे प्रतिपादन केले. त्यांच्या इव्हेर्दों येथील संस्थेत काही काळ काम केलेल्या फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतील बाड ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी खेळाची संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिले. फ्रोबेल यांचे वैशिष्ट्य त्यांनी आखलेल्या साधनांच्या मालिकेत होते, जिला ते भेटी म्हणत. पहिल्या भेटीत लोकरीने गुंफलेले सहा रंगांचे चेंडू. दुसऱ्या भेटीत लाकडी गोल, घन आणि दंडगोल. तिसऱ्या भेटीत आठ छोट्या घनांत विभागलेला एक मोठा घन, जो मुलाने मोडायचा आणि पुन्हा जुळवायचा. याच फ्रोबेल यांनी १८४४ मध्ये आईसाठी गाण्यांचे आणि बोटांच्या खेळांचे पुस्तक प्रसिद्ध केले, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. त्यांच्या योजनेत पेटीतली साधने आणि आईच्या मांडीवरचा खेळ या दोन्हींना जागा होती; जगभर प्रसार झाला तो मुख्यतः पेटीचा. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली आणि ती १८६० मध्ये उठवली. फ्रोबेल १८५२ मध्येच वारले होते. त्यांच्या शिष्या मात्र बंदीच्या या काळातही इतर देशांत ही पद्धत घेऊन गेल्या.

मराठी प्रदेशाशी या पद्धतीचा ठोस संबंध पंडिता रमाबाईंमुळे आला. १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्यावर रमाबाईंनी फिलाडेल्फिया येथे किंडरगार्टन पद्धतीचा अभ्यास केला आणि त्या धर्तीवर मराठी पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम हाती घेतले. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास हलवले. रमाबाईंच्या विचारात एक दूरदृष्टी होती जिची नोंद बालशिक्षणाच्या इतिहासाने ठळकपणे घ्यायला हवी: त्यांना किंडरगार्टन केवळ मुलांसाठी नको होते, तर विधवा आणि निराधार स्त्रियांना सन्मानाने जगण्याचे साधन म्हणूनही ते हवे होते. ज्या स्त्रीला समाजाने घराच्या कोपऱ्यात बसवले तिला शिक्षिका म्हणून मुलांच्या मध्ये बसवावे, ही कल्पना त्या काळात क्रांतिकारक होती. मुलाच्या हातातले साधन आणि त्याच्या शेजारच्या स्त्रीचे जीवन हे दोन प्रश्न एकत्र पाहण्याचा महाराष्ट्रातील हा बहुधा पहिलाच प्रयत्न होय.

विसाव्या शतकाच्या आरंभी या क्षेत्रात मारिया माँटेसरी यांचा प्रवेश झाला. मूळच्या डॉक्टर असलेल्या माँटेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहरातील सान लोरेंझो या गरीब कामगारवस्तीत पहिले बालगृह उघडले. हे बालगृह कोठे होते याला महत्त्व आहे: ते मुलांच्या राहत्या इमारतीतच होते. आईवडील कामावर गेल्यावर मोकळी फिरणारी मुले भिंती खराब करत, म्हणून इमारतींची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने त्यांच्यासाठी तेथेच एक खोली दिली होती. म्हणजे पुढे जी पद्धत श्रीमंतांच्या शाळांची खूण ठरली तिचा जन्म चाळीसारख्या वस्तीतल्या एका खोलीत, मजुरांच्या मुलांमध्ये झाला.

माँटेसरी साहित्यामागचे शास्त्र थोडक्यात समजून घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही. गुलाबी मनोरा म्हणजे दहा लाकडी घन, ज्यांची बाजू एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंत वाढत जाते; रंग, लाकूड आणि आकार सर्वांचा एकच, फरक फक्त मापाचा. वजनाच्या पट्ट्यांमध्ये माप सारखे आणि फरक वजनाचा. आवाजाच्या डब्यांत डबे एकसारखे आणि फरक आतल्या खुळखुळण्याचा. एका वेळी एकच गुण वेगळा काढून मुलाच्या इंद्रियांपुढे ठेवायचा, हे पहिले तत्त्व. दुसरे तत्त्व असे की चूक साधनानेच दाखवावी: दट्ट्यांच्या ठोकळ्यात एक दट्ट्या चुकीच्या खळग्यात बसवला की शेवटी एक दट्ट्या उरतो किंवा बसत नाही, आणि बाईंनी काही न बोलता मूल पुन्हा सुरुवात करते. तिसरे तत्त्व मोठ्या माणसाविषयीचे होते. त्याने एकदा सावकाश करून दाखवावे आणि मग हात मागे घ्यावा. याशिवाय बटणे लावणे, ओतणे, पुसणे, झाडणे, ताटे मांडणे अशा घरगुती कामांना माँटेसरी यांनी जीवनव्यवहाराचे पाठ म्हणून अभ्यासक्रमात मानाचे स्थान दिले. खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवण्याचा त्यांचा पाठ धूळपाटीच्या जवळ जातो खरा. पण अक्षरापर्यंत येण्याआधी हाताला महिनोन्महिने दिलेली पूर्वतयारी ही माँटेसरी यांची स्वतःची भर होती, आणि तेथेच दोन्ही पद्धतींतले अंतर दिसते.

पश्चिम भारतात हा विचार गुजरातीच्या वाटेने आला. वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत काम करू लागलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये तेथे बालमंदिर सुरू केले. काही वर्षांनी राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १८९२ मध्ये मुंबईत जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झालेल्या होत्या, आणि एका महाविद्यालयाचे प्रमुखपद सोडून अडीच वर्षांच्या मुलांमध्ये येऊन बसणे हा त्या काळी कोणालाही अधोगतीचा वाटावा असा निर्णय होता. १९२६ मध्ये या दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाचे मुखपत्र असलेली शिक्षणपत्रिका ताराबाईंनी पुढे मराठीतही चालवली, आणि मारू नये, भिववू नये, लाच देऊ नये, मुलाला स्वतः जेवू द्यावे, स्वतः कपडे घालू द्यावे, या आज साध्या वाटणाऱ्या गोष्टी मराठी मध्यमवर्गीय घरांपर्यंत नेल्या. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले, जेथे बालवर्गाबरोबर शिक्षिकांचे प्रशिक्षणही होऊ लागले. नोव्हेंबर १९३९ मध्ये माँटेसरी स्वतः थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळच्या अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या, त्यामुळे त्यांच्या पद्धतीला भारतात मोठी चालना मिळाली.

या चालनेत एक अडचण दडलेली होती. अचूक मापाचे, रंध्याने गुळगुळीत केलेले आणि विशिष्ट रंग दिलेले लाकडी साहित्य महाग होते. ते मुंबईतील मध्यमवर्गीय शाळेला कसेबसे परवडे, खेड्याला मुळीच नाही. महात्मा गांधींनी ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडनच्या माँटेसरी प्रशिक्षण संस्थेला भेट दिली तेव्हा ही पद्धत गरिबांच्या मुलांपर्यंत कशी जाईल, ही चिंता त्यांनी व्यक्त केली होती. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी नई तालीम या आपल्या शिक्षणयोजनेची मर्यादा सात वर्षांच्या मुलापासून मागे, अगदी जन्मापर्यंत नेली, आणि त्यातून सेवाग्रामला पूर्वबुनियादी शिक्षणाचे, म्हणजे सात वर्षांखालील मुलांच्या शिक्षणाचे प्रयोग सुरू झाले. शांता नारूलकर यांनी तेथे आसपासच्या जीवनातूनच, झाडलोट, पाणी, माती, कापूस आणि भाजीपाला यांच्या साहाय्याने मुलांचे दिवस आखले. १९४४ च्याच शिक्षणविषयक सरकारी सार्जंट अहवालाने तीन ते सहा वर्षांच्या दहा लाख मुलांसाठी मोफत शिशुशाळांची शिफारस केली. कागदावर हा मोठा आकडा होता, पण त्या शाळांत साधने कोणती असतील आणि ती कोण बनवील, याचे उत्तर अहवालातून मिळण्यासारखे नव्हते.

ते उत्तर बोर्डीला मिळाले. बोर्डी हे डहाणूजवळचे समुद्रकाठचे गाव, तेव्हा ठाणे जिल्ह्यात आणि आता पालघर जिल्ह्यात. वाड्यांत चिकूची झाडे, किनाऱ्याला मच्छीमार, गावाच्या कडेला दलितांची वस्ती आणि आतल्या बाजूला वारली आदिवासींचे पाडे. ताराबाईंनी १९४५ मध्ये, म्हणजे वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, दादरचे सुस्थिर काम मागे ठेवून येथे ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. याच वर्षी याच भागात गोदावरी परुळेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. दोन्ही कामांची दिशा आणि विचारसरणी वेगळी होती, तरीही ज्या समाजातली मोठी माणसे नुकतीच ताठ उभी राहू लागली होती त्याच समाजाच्या चिमुकल्यांचा विचार तेव्हाच सुरू व्हावा, या योगायोगाकडे इतिहासकाराने दुर्लक्ष करू नये.

बोर्डीत ताराबाईंना मिळालेल्या सहकारी अनुताई वाघ या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या. तेराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले आणि काही महिन्यांतच त्यांना वैधव्य आले. त्यानंतर त्यांनी शिक्षण घेतले, शाळांतून शिकवले, आणि १९४५ मध्ये बोरिवलीच्या ग्रामसेविका प्रशिक्षण शिबिरात ताराबाईंशी गाठ पडल्यावर त्या बोर्डीला आल्या. रमाबाईंनी अर्धशतकापूर्वी जे चित्र मनाशी धरले होते ते अनुताईंच्या रूपाने प्रत्यक्षात उतरले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

आरंभी गावात मध्यवर्ती जागी बालवाडी भरू लागली आणि एक गोष्ट लगेच स्पष्ट झाली: ज्यांच्यासाठी मुख्यतः हे काम काढले होते त्या दलित वस्तीतली मुले तेथे येत नव्हती. अंतर, अस्पृश्यतेचा धाक, आईवडिलांची मजुरी, अंगावर कपडे नसणे, अशी कारणे एकात एक गुंतलेली होती. तेव्हा मुले शाळेकडे येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, असा निर्णय झाला. शिक्षिका साहित्याची पिशवी घेऊन वस्तीत जाऊ लागल्या आणि एखाद्या घरापुढच्या मोकळ्या अंगणात मुलांना जमवू लागल्या. गावातल्या एका जागी भरणारी ती केंद्रवर्ती बालवाडी आणि वस्तीत जाऊन भरणारी ती अंगणवाडी, असे दोन प्रकार त्यातून रूढ झाले. अंगणात भरणाऱ्या वर्गाचा एक परिणाम फार मोलाचा ठरला. दळता-निवडताना, तान्ह्याला पाजताना आया आणि आज्या हे सारे समोर पाहत होत्या. मुलाचे केस विंचरणे, नखे कापणे, खरूज धुऊन औषध लावणे यांपासून ते बियांच्या ओळी मांडण्यापर्यंत काय चालले आहे ते त्यांना दिसत होते. जी कृती बंद वर्गात शाळेची राहिली असती ती अंगणात घराची झाली.

साधनांचा प्रश्नही याच अंगणाने सोडवला. लाकडी संच पिशवीत घेऊन पाड्यापाड्यांवर फिरणे शक्य नव्हते, आणि शक्य असते तरी तुटल्यावर दुसरा आणण्याची ऐपत नव्हती. म्हणून बिया, चिंचोके, शिंपले, खडे, काड्या, पाने, माती, चिंध्या यांची साधने झाली. ही तडजोड होती असा समज सामान्यतः आढळतो. पण माँटेसरी तत्त्वांच्या कसोटीवर पाहिले तर ती त्या तत्त्वांची खरी परीक्षा होती. समुद्रकाठी एकाच जातीचे शिंपले नखाएवढ्यापासून तळहाताएवढ्यापर्यंत मिळतात. रंग आणि घडण तीच, फरक केवळ मापाचा, म्हणजे गुलाबी मनोऱ्याचेच काम तेथे होते. गुळगुळीत गोटा, खरखरीत दगड, पिंपळाचे पान आणि सागाचे पान यांत स्पर्शाचा पाठ होता. एकाच मापाच्या करवंट्यांत वाळू, तांदूळ आणि खडे घालून तोंड बांधले की आवाजाचे डबे तयार. चिंचोके मोजण्याला, गुंजांचा लाल-काळा रंग मांडणीला, ओली माती बोटांच्या बळाला उपयोगी पडे, आणि वारली घरात तांदळाच्या पिठाने भिंत चितारण्याची रीत आधीच असल्याने रेघ काढणे मुलांना परके नव्हते.

तरीही चिंचोके हातात दिले म्हणजे शिक्षण झाले, असे ताराबाईंनी कधीही मानले नाही, आणि त्यांच्या कार्याचे मर्म येथेच आहे. वस्तू स्वस्त करता येते, पण तिच्यामागचा क्रम स्वस्त करता येत नाही. आधी दोनच प्रकारच्या, ठळक फरकाच्या बिया वेगळ्या करायच्या, मग फरक बारीक करत न्यायचा. आधी जोड्या, मग चढता-उतरता क्रम, मग नाव. डोळे उघडे ठेवून जमले की डोळे मिटून. हा क्रम शिक्षिकेच्या डोक्यात हवा. कारखान्यात बनलेल्या साहित्यात तो लाकडातच कोरलेला असतो, त्यामुळे साधारण शिक्षिकेचेही निभावते. अंगणातल्या साहित्यात तो निरीक्षण, तयारी आणि संयम यांतून शिक्षिकेला रोज नव्याने उभा करावा लागतो. साधन जितके साधे तितकी बाई अधिक तयारीची हवी, हा बोर्डीच्या प्रयोगाचा निष्कर्ष होता, आणि म्हणूनच त्या केंद्रात मुलांच्या वर्गाइतकेच महत्त्व सेविकांच्या प्रशिक्षणाला होते.

१९५७ च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या अधिक जवळ गेले. तेथे आणखी एक अडचण समोर आली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत यायला तयार असे, पण तिच्या कडेवर तान्हे भावंड असे आणि बोटाला धरलेले दुसरे. यावर उपाय म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक वर्ग एकाच आवारात आणणारी विकासवाडी आकाराला आली. मोठी मुलगी वर्गात, मधले बालवाडीत आणि तान्हे पाळण्यात. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी चरावयाच्या रानातच भरणारी कुरणशाळा निघाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले; १९७३ मध्ये त्या वारल्या, आणि अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे स्वतःच्या मृत्यूपर्यंत, कोसबाड सोडले नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव दिले. बोर्डीच्या वस्तीत रूढ झालेले नाव देशभर गेले, याचा महाराष्ट्राला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र नावाबरोबर सगळा आशय गेला नाही. योजनेतील सहा सेवांपैकी पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा आणि मातांचे आहार-आरोग्य शिक्षण या पाच शरीराशी निगडित होत्या, आणि कुपोषणाचे प्रमाण पाहता तो अग्रक्रम चुकीचा म्हणता येणार नाही. पण सहावी सेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण, तिच्या वाट्याला सेविकेच्या दिवसातला उरलेला वेळ आला. वजने, नोंदवह्या, आहारवाटप आणि गृहभेटी यांतून मोकळे होऊन बियांचा क्रम लावायला बसणे किती सेविकांना शक्य झाले, याचा विचार योजनेच्या आखणीत पुरेसा झालेला दिसत नाही. दुसऱ्या टोकाला शहरांत अडीच-तीन वर्षांच्या मुलांच्या हातात मण्यांऐवजी पेन्सिल देणारे वर्ग वाढले. यशपाल समितीने १९९३ मध्ये शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या परीक्षा आणि मुलाखती बंद कराव्यात अशी शिफारस केली, यावरून बालशिक्षणाची गाडी कोणत्या रुळावर गेली होती ते कळते.

२०२० च्या टाळेबंदीत अंगणवाड्या बंद पडल्या आणि लहान मुलांसाठीचे उपक्रम मोबाईलवरून थेट घरी येऊ लागले. चमचे लावा, डाळी वेगळ्या करा, भाजीचे रंग ओळखा, कपड्यांच्या घड्या मोजा, अशा सूचना आयांपर्यंत पोहोचत. त्या वर्षीच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर निश्चित केला, आणि २०२३ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने खेळणी, कोडी, बाहुल्या आणि चित्रपत्ते असलेला जादुई पिटारा प्रकाशित केला. पेटीत भरलेले साहित्य आणि घरातले साहित्य हे फ्रोबेल यांच्या काळापासूनचे दोन्ही मार्ग अशा रीतीने एकाच वेळी चालू आहेत. मोबाईलवरच्या सूचनांत डाळ आणि वाटी होती, पण ती कोणाच्या वेळातून मुलापुढे मांडायची हे गृहीत धरलेले होते: दिवसभर मजुरी करून आलेल्या किंवा एका खोलीत पाच माणसांचा स्वयंपाक करणाऱ्या आईच्या. बोर्डीत तो वेळ देण्यासाठी एक प्रशिक्षित बाई अंगणात येत असे आणि आई काम करता करता पाहून शिकत असे. घरची जबाबदारी त्या व्यवस्थेत वाटून घेतलेली होती, एकट्या आईवर टाकलेली नव्हती.

मुलाशेजारी बसणाऱ्या या स्त्रीच्या कामाला मोल किती, या प्रश्नाला सरकारी भाषेत दीर्घकाळ एकच उत्तर होते. अंगणवाडी सेविका ही मानसेवी कार्यकर्ती, तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. सेविकांच्या संघटनांनी महाराष्ट्रात आणि देशात याविरुद्ध वर्षानुवर्षे मोर्चे काढले, संप केले. २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील सेविका आणि मदतनिसांच्या प्रकरणात निकाल दिला की अंगणवाडी ही १९७२ च्या उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी कायद्याच्या अर्थाने आस्थापना आहे, सेविका आणि मदतनिसांना उपदान मिळण्याचा हक्क आहे, आणि मानधन हे नाव दिले तरी त्यांना मिळणारा मोबदला हा त्या कायद्याखाली वेतनच ठरतो.